गाळाची वरची बाजू

फटाकडीला कुणी काम सांगितलं नव्हतं, तिथंच सगळं बिनसलं. शाळेला सुट्टी, म्हणून ती आईच्या प्रयोगशाळेत. थंड खोलीतल्या टेबलावर एक राखाडी नळी, बाहेरून मिठाच्या पापुद्र्यांनी बरबटलेली. फटाकडीबाईंनी ओलं फडकं घेतलं नि नळी लख्ख केली. मिठाबरोबर आईनं शाईनं काढलेला बाणही गेला.

बाण म्हणजे वरची बाजू. नळीत समुद्रतळाचा काळा गाळ होता, थरावर थर साचलेला, खालचा जुना, वरचा नवा. समुद्राच्या तळाशी एका खड्ड्यात इतकं खारट पाणी साचलंय, की वरचं पाणी त्यात मिसळत नाही. प्राणवायू नाही, मासा नाही, साधा किडा नाही. या हातभर नळीसाठी आई कितीतरी आठवडे जहाजावर राहिली होती. तिथं रंगीत टोपणं संपली, म्हणून दोन्ही टोकांना सारखीच टोपणं. वरचा लिबलिबीत थरही तिथंच काढून घेतलेला. आता दोन्ही टोकं म्हणजे जुळ्या बहिणी!

बाण गेल्याचं लक्षात येताच फटाकडी आईकडे गेली.

"आई, आधी ओरडू नकोस."

"म्हणजे ओरडण्यासारखं आहे."

फटाकडीनं सगळं सांगितलं, पण आई ओरडली नाही. नुसती स्टुलावर बसली. ते तर जास्तच वाईट.

"उलटी वाचली तर सगळं खोटं ठरेल गं. त्यापेक्षा फेकलेली बरी."

"उघडून बघूया ना!"

"हवा लागली की काळ्याचं तपकिरी होतं. मग मी मोजू काय, डोंबल?" जरा थांबून आई म्हणाली, "खड्ड्याची कड कधी ढासळली असेल, तर वाळू आली असेल. जाड कण आधी बसतात, बारीक मागून. उकरायला कुणी नाही, त्यामुळे जे जसं पडलं तसंच राहतं."

"आपल्या घरात असं एकही कपाट नाही."

"फटाकडे!" पण आईचे ओठ हललेच.

नळीच्या कडेला बारीक भोकं होती, चिकटपट्टीनं बंद केलेली. आईनं एका टोकापासून क्रमानं एकेका भोकातून चिमूटभर गाळ ताटलीत काढून पट्टी झटकन लावली आणि ताटली घेऊन दोघी बाहेर बेसिनपाशी आल्या.

"दातांखाली धर, वाळू असली तर कचकचेल. गिळायचं नाही."

"शी! कुजक्या अंड्यांचा वास येतोय!"

"बाण पुसला कुणी?"

फटाकडीनं डोळे मिटले. पहिली चिमूट लोण्यासारखी. थुंकली. दुसरीही लोणी. तिसरीही. आई नळाकडे बघत होती, तिच्याकडे नाही. चौथी, आणि एकदम कचकच!

"वाळू! आई, वाळू!"

"पुढे."

पाचवी कचकच, पण बारीक. सहावी जेमतेम खरखरीत. सातवी पुन्हा लोणी.

"वाळू एकदम सुरू झाली नि हळूहळू विरली. म्हणजे आपण खालून सुरुवात केली!"

"नक्की?"

एरवी फटाकडी "शंभर टक्के!" म्हणाली असती. आज तिनं तिसऱ्या आणि चौथ्या चिमटीतला उरलेला गाळ पुन्हा चावला.

"नक्की."

मग आईनं स्वतः चावून पाहिलं आणि थुंकून मान डोलावली. फटाकडी पेन घ्यायला धावली.

"शाई नको," आई म्हणाली आणि तिच्या हातात टोकदार खिळा दिला. "कोर."