रोजची एक पट्टी

"काम असो वा नसो, हिला रोज एकदा चालवायची. एक सरळ पट्टी कापायची. आणि कापडाशिवाय दुसऱ्या कशालाही लावायची नाही."

मित्रांनो, हे आमच्या कटिंग मास्तरांचे शब्द. मी एक जुनी कात्री आहे, शिंपीकामाची, वजनदार आणि काळ्या मुठीची. निवृत्त होताना मास्तरांनी मला त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या ताईंकडे सोपवलं, तेव्हा ते असं म्हणाले होते.

"शब्द देते, मास्तर," ताई म्हणाल्या.

"मला नको देऊस, तुझ्या हाताला दे. हात एकदा रुसला की लवकर परत येत नाही."

माझा जन्म भट्टीतला. मला तापवलं, ठोकलं, दगडावर घासलं. मी सगळं सोसलं, कारण पुढे कापड भेटणार होतं. आणि भेटलंही. ताई गणवेश शिवण्याच्या कारखान्यात कापड कापायच्या. लांबलचक टेबल, पुठ्ठ्याचे नमुने, खडूच्या रेघा. माझं खालचं पातं टेबलाला टेकवून त्या मला अशा सरकवायच्या, की कापडाला कळायचंही नाही आपण वेगळे झालो ते. शिवणाऱ्या बायका म्हणायच्या, "ताईंनी कापलं असेल तर डुलक्या काढत शिवलं तरी बाही बसते." तेव्हा माझी पाती अभिमानाने लखलखत.

मग एक दिवस कारखाना बंद झाला. मला मऊ फलाटीनच्या कापडात गुंडाळून ताई घरी आल्या.

सुरुवातीला त्या खचल्या नाहीत. सकाळी देवापुढे हात जोडायचे, मग जमिनीवर जुनी चादर पसरून माझ्याकडून एक पट्टी कापायची, आणि मग कामाच्या शोधात बाहेर पडायचं. दोन्ही नेम सारख्याच मनोभावे चालत. पट्ट्यांची गुंडाळी वाढत गेली तशा त्यांच्या सासूबाई म्हणाल्या, "चिंध्यांचं दुकान काढतेस की काय गं?" ताई नुसत्या हसल्या.

पण दारं उघडेनात. एका ठिकाणी सांगितलं, आमच्याकडे मशीनच कापतं. एका ठिकाणी साहेबांनी वय विचारलं आणि पंख्याकडे बघत बसले. बाकी सगळे "कळवतो" म्हणाले, आणि कळवलं कुणीच नाही. मी पिशवीत पडून चरफडायचे. अरे, एकदा मला बाहेर तरी काढा, एक बाही कापायला तरी सांगा, मग नाही म्हणा. पण कात्रीचं ऐकतो कोण? जिन्यात शेजारीण भेटायची आणि गोड आवाजात विचारायची, "अजून घरीच का?" त्या 'अजून'ला माझ्यापेक्षा जास्त धार होती.

एके सकाळी ताईंनी देवापुढे हात जोडले, पण चादर पसरली नाही.

"आज पट्टी नाही?" सासूबाईंनी विचारलं.

"कुणासाठी कापू, आई?"

दुसऱ्या दिवशीही नाही. मग मी पिशवीतून स्वयंपाकघराच्या खणात आले, चमच्यांच्या शेजारी. सासूबाई माझ्याने दुधाच्या पिशव्या कापू लागल्या. "कात्री ती कात्री," त्या म्हणायच्या, "कापायलाच असते ना?" आणि एका रविवारी ताईंच्या यजमानांनी दाराच्या घंटीची तार माझ्याने तोडली. माझ्या पात्याला खाच पडली, मित्रांनो. बारीकशीच, पण कात्रीला तेवढी पुरते. मला ओरडावंसं वाटलं. ताईंनी मला एकदा जरी चालवलं असतं, तरी त्यांच्या बोटांना ते लगेच कळलं असतं.

आणि नेमका तेव्हाच निरोप आला. एका शिवणकेंद्राला कापणारी बाई हवी होती, उद्याच कापून दाखवायला या म्हणाले. ताईंचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. घाईघाईत त्यांनी मला पुसलं आणि पिशवीत टाकलं. चालवून मात्र पाहिलं नाही.

केंद्र चालवणाऱ्या बाईंनी अस्तराचं कापड पुढ्यात ठेवलं, हातातून पाण्यासारखं निसटणारं. मी निघाले, आणि मध्येच खाचेत कापड अडकलं. ताईंनी ओढलं, तसे धागे निघाले. त्यांनी पुन्हा रेघ आखली. मी पुन्हा तिथेच कापड चावलं. मला पिशवीत तोंड लपवावंसं वाटलं.

बाईंनी मला उचललं आणि पात्यावरून नख फिरवलं. "हिने तार तोडलीय कुणीतरी. तुम्हाला कळलं नाही?"

"नाही. रोज चालवायचे मी. मध्यंतरी सोडलं."

"का?"

"कुणी कामच देईना."

बाईंनी मला ताईंच्या हाती परत दिलं. "आजची जागा मला आजच भरायचीय. पण माझ्याकडे माणसं टिकत नाहीत, जागा पुन्हा निघेल. तेव्हा हिला धार लावून या, आणि हात चालता ठेवून या. मग बघू."

"येईन," ताई म्हणाल्या.

घरी त्यांनी मला टेबलावर ठेवलं. यजमानांनी खाच पाहिली आणि मान खाली घातली. "घंटीची तार… मीच तोडली ती."

"आणि पिशव्या मी कापल्या," सासूबाई पुटपुटल्या. "मला एक साधी कात्री आणून दे बाबा. हिला परत हात लावणार नाही."

"तुम्ही कापलंत ते कापलंत," ताई हळूच म्हणाल्या. "मी रोज बघत असते, तर मला कळलं असतं."

मित्रांनो, आम्हाला अजून काम मिळालेलं नाही. दारं न उघडणाऱ्यांचा राग तर आहेच, तो कुठे जाणार? पण तुमच्याकडे एक मागणं आहे. ज्या हत्याराचं काम थांबलंय त्याला खणात टाकून विसरू नका. आणि ज्या माणसाचं काम थांबलंय, त्यालाही.

आज सकाळी ताईंनी देवापुढे हात जोडले. जुनी चादर काढून जमिनीवर पसरली आणि खडूने एक सरळ रेघ आखून ठेवली. मग मला फलाटीनमध्ये गुंडाळलं, चपला पायात सरकवल्या आणि कुणाची झोप मोडू नये म्हणून दार हलकेच ओढून घेतलं. धारवाल्याचं दुकान कोपऱ्यावरच आहे. आम्ही तिकडे निघालो आहोत.