खोक्यावर पंखासुर, पाठीवर तुम्ही

मित्रांनो, मी ढोल्या, एका जुन्या गेममधलं जनावर. माझं नाव तुम्ही ऐकलं नसेल, कारण मी व्हिडिओ गेमच्या खोक्यावर नाही, खोक्याच्या आत आहे. मला राग आलाय. गोड बोलणं जमणार नाही, आधीच सांगतो.

एका कोंदट खोलीत चित्रकार ताईंनी पडद्यावरचा एकेक बारीक चौकोन रंगवून मला घडवलं. फुगलेलं पोट, आखूड पाय, चिखलाचा रंग आणि एक फाटका कान. ताईंनी मला फक्त डावीकडे तोंड करून काढलं. तेव्हाच्या गेममध्ये तसंच करायचे. जनावर उजवीकडे वळलं की यंत्र तेच चित्र उलटं करून दाखवायचं. त्यामुळे मी डावीकडे निघालो की माझा डावा कान फाटका, उजवीकडे निघालो की उजवा.

आमच्या गेममधली दलदल पायी ओलांडता येत नाही. खेळणाऱ्याला मीच पाठीवर घेतो. काटे मला टोचतात, आगीचे गोळे माझ्या पोटावर बसतात. पहिल्या उडीपासून शेवटच्या दारापर्यंत मीच राबतो.

मग खोक्यावरचं चित्र ठरवायला विक्रीचे साहेब आले. ताईंनी माझं चित्र टेबलावर ठेवलं.

"हा? खोक्यावर?"

"सगळा गेम याच्या पाठीवर चालतो, साहेब."

"चालू दे की! पण दुकानात लांबून काय दिसणार? बटाटा!"

सगळे खो-खो हसले. साहेबांना आणखी चेव आला. "आणि याचा नक्की कुठला कान फाटलाय? इथे चित्रात डावा, तिथे पडद्यावर उजवा. आधी काय ते ठरवा!"

त्यांना पंख हवे होते, डोळ्यांत आग हवी होती, गिऱ्हाइकाच्या अंगावर येणारा पंजा हवा होता. तसा एक पंखासुर काढला गेला. खोकी आधीच छापून घेतात, तशी घेतली. आणि गेम पूर्ण होत आला तेव्हा कळलं, एवढं मोठं धूड गेममध्ये उरलेल्या जागेत मावतच नाही. त्याला गेममधून काढून टाकलं. खोक्यावर मात्र तो तसाच राहिला, पंख पसरून! म्हणजे गेमचा शुभंकर कोण, तर जो गेममध्ये पाऊलही टाकत नाही तो. वा रे न्याय!

एका घरात बहीणभाऊ आमचा गेम खेळायचे.

"दादा, तो पंखवाला कधी येणार रे?"

"येईल गं. शेवटी असेल. तू उडी मार आधी."

शेवटचं दार उघडलं. पंखवाला नव्हताच. "फसवलं आपल्याला!" दादा ओरडला. घरोघरी सगळे असेच ओरडले. तक्रारींचा पाऊस पडला. साहेबांनी काय केलं असेल? माफी मागितली? छे! नवी आवृत्ती काढली, तिच्यात पंखासुराला घुसवलं आणि त्याला जागा करायला मला उचलून बाहेर फेकलं. आता म्हणे दलदल उडत ओलांडायची. खोटं खोक्यावरचं होतं आणि शिक्षा मला!

आता मी फक्त जुन्या खोक्यांत जिवंत आहे. तीही भंगारात चालली आहेत. त्या घरातही नवा गेम आला आणि आईनं जुना हातात घेतला.

"हा टाकू ना गं?"

"आई, नको! नव्यात ढोल्या नाहीये."

"कोण ढोल्या?" आईनं खोकं उलटसुलट करून पाहिलं. मी कुठे दिसणार होतो? तिनं खोकं रद्दीच्या पिशवीत टाकलं.

पोरीनं ते तिथून ओढून काढलं. फतकल मारून बसली, कागदावर काहीतरी रंगवलं आणि पंखासुराच्या थोबाडावर चिकटवलं. बेढब पोट, आखूड पाय. मी!

आई वाकून बघायला लागली. "अगं, याचे दोन्ही कान फाटके?"

"मग! इकडे वळला की हा कान, तिकडे वळला की तो. म्हणजे दोन्ही फाटलेत ना त्याचे!"

आईनं पिशवी बाजूला सारली.

साहेब, ऐकलंत? टेबलाभोवती बसून तुम्हाला जे कळलं नाही, ते या पोरीला कळलं, कारण ती माझ्या पाठीवर बसली होती. आणि मित्रांनो, तुम्हीही ऐका. मला तुमची कीव नको. पण कोणाला डोक्यावर घ्यायचं हे ठरवण्याआधी एकदा खाली वाकून बघा, तुम्ही कोणाच्या पाठीवर बसला आहात ते.