ओलं तेवढं गावदेवीचं

"ओल्या तिवराला कोयता लावायचा न्हाय, शेवंती. वाळलेलं तेवढं आपलं, ओलं गावदेवीचं. आणि आपल्या हातून गेलंच कधी, तर आपल्याच हातानं परत लावायचं. बोल, लावशील?"

गोदूबाईंनी हे विचारलं तेव्हा शेवंतीच्या अंगावरची हळदसुद्धा नीट उतरली नव्हती. सासू पुढे नि सून मागे अशा दोघी ओहोटी बघून मुर्धा गावच्या खाडीत जळणाला उतरल्या होत्या. पोटऱ्यांपर्यंत चिखल, भोवती तिवराची दाट झाडी, आणि चिखलातून वर आलेली त्याची बोटांएवढी मुळं पायांना टोचत होती. नव्या नवरीने सासूला 'नाही' कुठून म्हणावं? तिने "लावीन" म्हटलं. पुढे सासू गेली, नवरा गेला, पण तो शब्द काही गेला नाही. तुळशीला पाणी घालावं तसा तिने तो रोज सांभाळला.

सासूने रीतही शिकवली होती. फांदी तोडण्याआधी साल नखाने खरवडायची. आत हिरवं दिसलं तर हात कपाळाला लावून पुढे जायचं. आत करडं, कोरडं निघालं तरच कोयता काढायचा. गावातल्या सगळ्याच बायका ही रीत पाळत, पण शेवंतीचं पाळणं वेगळं. तिच्या नखाखाली कायम सालीचा काळा कण असायचा. शेजारची चंपा तिला हसायची. "शेवंते, तू तर झाडाची नाडी बघतेस गं! वैद्य व्हायचीस ती जळणवाली झालीस."

अलीकडे मात्र खरवडायचं कामच राहिलं नव्हतं. खाडीकाठच्या मातीच्या बांधाच्या आतलं तिवर झाडामागून झाड वाळलं होतं. जिथे नख लावावं तिथे कोरडं. बायकांनी भारेच्या भारे आणले, घरी जाळले, उरलेले भाईंदरच्या बाजारात विकले. आता तिथे खुंट आणि भेगाळलेला चिखल तेवढा उरला होता. देवीनेच दिलं, असं बायका म्हणत. शेवंतीही तेच म्हणे, पण मनात कुठेतरी सल होता. देवी एवढं एकदम कशाला देईल?

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारची गोष्ट. शेवंतीने घट मांडला होता, उपास होता. आदल्या संध्याकाळी तिचे थोरले दीर, ज्यांना सगळा गाव दाजी म्हणतो, ते ओट्यावर येऊन बसले. तिने पदर सावरला आणि दाराआड उभी राहिली.

"उद्या मुंबईच्या सरकारी हापिसातून माणूस येतोय," दाजी म्हणाले. "आपलाच हाय, शेजारच्या डोंगरीच्या बेट्टीबाईचा वॉल्टर. तिवर कुठं गेलं इचारंल. तू सांग, बाहेरची माणसं होड्या घेऊन आली, तोडून गेली."

"कोण आलं व्हतं, भावजी?"

"कोण का येईना! तुझं सोवळं-ओवळं, उपासतापास सगळ्यांना ठाऊक हाय. तुझ्या तोंडून आलं की खरं वाटंल."

"पण खोटं कशाला बोलू?"

दाजींनी दाराकडे तोंड वळवलं. मग म्हणाले, "न्हायतर बायकांवर येईल. वाळलं लाकूड उचलायलासुद्धा बंदी होईल. चंपाची चूल कशावर पेटंल? माझ्यासाठी मागत न्हाय मी."

ते गेल्यावर शेवंती कितीतरी वेळ दारातच उभी होती. चंपाला कमावतं कोणी नव्हतं, जळणावरच तिचं चालायचं. तेवढ्यासाठी खोटं बोलावं? आणि तेही गुरुवारी? शेवटी तिने मनाशी ठरवलं, आपण खरं ते सांगू: ओल्याला आम्ही हात लावला नाही. मग देवी आहे आणि तो वॉल्टर आहे.

वॉल्टर सकाळी सायकलवरून आला. डोक्याला हॅट, काखेत गुंडाळलेले कागद. दाजी, चंपा आणि आणखी दोघी-चौघींना घेऊन तो बांधावर गेला. शेवंतीही घटाला नमस्कार करून मागोमाग निघाली. बांधावर त्याने कागद पसरले, चारी कोपऱ्यांवर ढेकळं ठेवली.

"हे फोटो वरून काढलेत, मावशी," तो शेवंतीला म्हणाला. "विमानाच्याही खूप वरून. तिथं एक यंत्र पृथ्वीभोवती फिरतंय, उपग्रह म्हणतात त्याला. तो फिरता फिरता खालची जमीन टिपतो."

चंपा लगेच वाकली. "म्हणजे माझी वाळत घातलेली लुगडीपण दिसतात काय रे?"

"न्हाय हो. एवढं बारीक न्हाय दिसत. एक शेत म्हणजे एक ठिपका."

"बरं झालं बाई. लुगडी फाटकी हायत." सगळ्या हसल्या. मग चंपाने फोटोवर बोट ठेवलं. "आणि ही खाडी लाल कशी? कुणाचा खून पडला?"

"लाल म्हणजे हिरवं. जितकी पानं जिवंत, तितका लाल जास्त. त्या यंत्राची तशी रीत हाय."

"सरकारचं सगळं उलटंच!"

शेवंती मात्र हसली नाही. लाल म्हणजे जिवंत, हे तिला एकदम पटलं. सवाष्णीच्या कपाळावरचा लाल तोही जिवंतपणाचाच नाही का? पहिल्या फोटोत मुर्ध्याच्या कडेने तसाच गडद, भरलेला लाल पट्टा होता. तो पाच वर्षांपूर्वीचा, हिवाळ्यातला. दुसरा त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी काढलेला. त्यात बाहेरचा लाल तसाच, आतला मात्र करपलेल्या भाकरीसारखा तपकिरी. तिसऱ्यात, म्हणजे यंदाच्या सुरुवातीच्या फोटोत, तिथे नुसता राखेचा रंग.

"माझं काम एवढंच," वॉल्टर म्हणाला. "वरून कळतं की हिरवं गेलं. का गेलं, ते वरून कळत न्हाय. कुठं कोयत्यानं जातं, कुठं मिठागरासाठी, कुठं घरं बांधायला, कुठं रोग पडून, कुठं पाण्यानं. पण फोटोत सगळ्यांचा रंग सारखाच, राखेचा. म्हणून खाली यायचं, मातीवर उभं राहायचं, माणसांना इचारायचं. मग नकाशावर त्या जागेला कारणाचं एक अक्षर द्यायचं. इथं हापिसात आधीच 'तोड' म्हणून घातलंय. मी म्हटलं, बघून येतो."

"तोड न्हाय," शेवंती पुढे होऊन म्हणाली. आवाज नेहमीसारखा हळू, पण कापरा नव्हता. "आम्ही ओल्याला कोयता लावत न्हाय. साल खरवडून बघतो. वाळलेलं तेवढंच नेलं. गावदेवीची आण."

दाजींनी तिच्याकडे बघितलं आणि नजर खाडीकडे वळवली.

"मला पटतं ते," वॉल्टर म्हणाला, आणि शेवंतीच्या छातीवरचं ओझं उतरलं. "कोयत्यानं झाडी कशी जाते ठाऊक हाय, मावशी? उंदीर भाकरी कुरतडतो तशी. गावाच्या बाजूनं, वाटेवाटेनं, आज इथं, उद्या तिथं. कडा वेड्यावाकड्या होतात. इथं बघा." त्याने दुसऱ्या फोटोतल्या तपकिरी पट्ट्यावरून पेन्सिल फिरवली. "एकाच वेळी सगळं करपलं. आणि बाहेरची कड बघा, कशी सरळ हाय, पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखी. रेघेच्या अलीकडं मेलं, पलीकडं जिवंत. झाडं उभीच वाळली, जळणाला नेली ती नंतर. तुम्ही कुणीच मारली न्हायत."

चंपाने दोन्ही हातांनी कानशिलांवर बोटं मोडली. "ऐकलंस ना शेवंते? सुटलो बाई!"

वॉल्टर उभा राहिला. पायाखालच्या मातीकडे त्याने बघितलं, मग डावीकडे, मग उजवीकडे. बांध सरळ गेला होता, पट्टी ठेवून रेघ मारल्यासारखा. बाहेरच्या अंगाला तिवर हिरवंगार, मुळांशी भरतीचं पाणी चुबुकचुबुक करत होतं. आतल्या अंगाला खुंट.

"हा बांध कधीचा, दाजी?"

"जुना हाय. वाडवडलांचा."

"मग यानं न्हाय," वॉल्टर गोंधळला. "यानं मरायचं तर तिवर तेव्हाच मेलं असतं. पाणी न मिळाल्यासारखं दिसतंय, पण... मग रोग म्हणायचा? का हापिसाचं तोडच बरोबर?"

चंपाने पायाच्या अंगठ्याने ढेकूळ फोडलं.

शेवंतीला ते दिवस समोर दिसले. उधाणाचं खारं पाणी भातात शिरलं होतं, उभं पीक पिवळं पडलं होतं. त्या वर्षी दाजींनी आपल्या ताटातला भात नातवंडांना वाढून स्वतः नुसती पेज घेतली होती. मग उन्हाळ्यात गाव एक झालं. भाताच्या कडेने वळणावळणाचा बांध घालायचा तर लांब पडत होता, म्हणून तिवराच्या मधल्या मोकळ्या चिखलातून सरळ घातला. थोडं तिवर आत आलं तर आलं, कुठं तोडतोय आपण? बांधात पाणी आत-बाहेर करायला दारासारखी उघाडी ठेवली होती, तिच्या फळ्या खारं पाणी शिरू नये म्हणून लावल्या, त्या लावल्याच. पावसाळ्यात आत गोडं पाणी तुंबायचं, उन्हाळ्यात चिखल तडकायचा. आणि मातीची पहिली पाटी? पहिली पाटी व्रताच्या बाईने टाकायची म्हणून तिच्याच डोक्यावर दिली होती. तिने मातीला हळदकुंकू वाहिलं होतं, नारळ ठेवला होता.

इतकी वर्षं ती साल खरवडत राहिली. नखाने तपासत राहिली की झाड मेलंय ना. मारलं कुणी, हे तिला कधी विचारायचंच सुचलं नाही.

ती आता बोलली नाही, तर बाहेरच्या कुणाला काही कळणार नव्हतं. बांध राहिला असता, भात राहिला असता. फक्त नकाशावरचं ते अक्षर तसंच राहिलं असतं, आणि चंपाच्या दारात एक दिवस रखवालदार उभा राहिला असता. आणि घरी घट मांडलेला.

"बांध जुना न्हाय रे बाबा," शेवंती म्हणाली. "तुझ्या पहिल्या फोटोनंतरच्या उन्हाळ्यातला हाय. पहिली पाटी मीच टाकली."

"शेवंती!" दाजी एवढ्या जोराने ओरडले की बाहेरच्या तिवरातला बगळा उडाला. "भात कोण देईल आता? हा वॉल्टर देईल? तुझी देवी देईल? पेज पिऊन राहिलो ते इसरलीस?"

"न्हाय इसरले, भावजी." तिने पदर डोक्यावर ओढून घेतला. दिराशी इतकं समोरासमोर ती आयुष्यात बोलली नव्हती. "तुम्ही वाईट न्हाय केलं. आम्हीच सगळ्यांनी केलं, आणि पोरांसाठी केलं. पण मेलं ते आपल्या हातानं मेलं."

दाजी बांधावरच खाली बसले. वॉल्टर त्यांच्या शेजारी उकिडवा बसला.

"दाजी, बांध पाडा असं मी लिहीत न्हाय. तो अधिकार माझा न्हाय. का गेलं तेवढंच लिहितो. भरतीचं पाणी अडलं, उभं झाड वाळलं, मग वाळलं लाकूड लोकांनी नेलं. तोड लिहिणार न्हाय, हे नक्की." मग तो म्हणाला, "आमच्या डोंगरीलापण असंच केलंय एका ठिकाणी. माझा बाप होता त्यात."

"मग पुढं काय?" दाजी जमिनीकडे बघत म्हणाले. "उघाडी उघडली तर भात जाईल. न उघडली तर हे असंच."

शेवंती खुंटांच्या पलीकडे बघत होती. तिवराला लागून सगळ्यात खालचं जे शेत, ते तिचं. नवऱ्याच्या मागे तेवढंच तिच्या वाट्याला आलेलं. भात आठवड्यापूर्वीच कापून झालं होतं, पेंढा अजून बांधाबांधावर पडला होता.

"माझ्या शेताच्या वरच्या अंगानं नवा बांध घातला तर?" ती म्हणाली. "वरची शेतं राहतील. उघाडी उघडता येईल. पाणी माझ्यापर्यंतच येईल."

"आणि तू काय खाशील?"

"चिंबोऱ्या," चंपा मधेच म्हणाली. "तिवर आलं की चिखलात खेकडे येतात परत. आणि उपासच असतात हिचे निम्मे दिवस!"

कुणी हसलं नाही, पण चंपाने शेवंतीचा हात धरून ठेवला होता. तो तिने सोडला नाही. दाजी उठले. धोतर झटकून गावाकडे चालू लागले.

वॉल्टरने फोटो गुंडाळले. निघताना शेवंतीला म्हणाला, "मावशी, हा उपग्रह पुन्हा पुन्हा इथूनच जातो. तिवर आलं तर वर परत लाल दिसंल. मी बघत राहीन."

संध्याकाळी तिने आरती केली, नैवेद्य दाखवला, उपास सोडला. देवीकडे काही मागितलं नाही. यंदा मागायची पाळी तिची नव्हती.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर तिने तुळशीला पाणी घातलं. कोपऱ्यातलं फावडं काढलं, माळ्यावरची जुनी पाटी उतरवली. पाटीच्या बुडाशी अजून बांधाची माती सुकून बसली होती. ती तिने नखाने खरवडून काढली. बाहेरच्या तिवराच्या बिया पावसाळ्यात पडतील, त्या आत लावायच्या. तोवर वरच्या अंगाचा बांध पुरा व्हायला हवा, आणि एकट्या बाईच्या हाताने तो किती होणार, हे तिलाही कळत होतं.

दाजी आपल्या ओट्यावर दात घासत बसले होते. तिच्या डोक्यावरची पाटी त्यांनी पाहिली. राखेचं बोट तोंडातून काढून म्हणाले, "न्याहारी केलीस का?"

"केली, भावजी."

"हं," ते म्हणाले आणि चूळ भरायला उठले. मागच्या पडवीत त्यांचं स्वतःचं फावडं भिंतीला टेकून उभं होतं. ते तिकडे गेले की न्हाणीकडे, हे बघायला शेवंती थांबली नाही. पदर खोचून ती शेताच्या वाटेला लागली.