जाड तेल

नर्सबाईंच्या गाडीचं पेट्रोल थंडी पडल्यापासून भराभर संपत होतं. दीर गुपचूप गाडी फिरवतो, या संशयानं त्यांना चैन पडेना. सकाळी त्या त्याला नाही नाही ते बोलल्या.

दुपारी त्यांनी गाडी गॅरेजमध्ये नेली, तेव्हा मेकॅनिकनं इंजिनातलं तेल बोटावर घेऊन बघितलं. "बाई, तेल फार जाड आहे. थंडीत ते आणखी घट्ट होतं, इंजिनाला जोर लावावा लागतो. तुमच्या फेऱ्याही जवळच्या. इंजिन तापून तेल पातळ होण्याआधीच गाडी बंद. पेट्रोल जास्त जाणारच."

इंजिन टिकावं म्हणून जाड तेल बाईंनीच हट्टानं घालून घेतलं होतं. तेल बदलेपर्यंत त्या येरझाऱ्या घालत राहिल्या.

घरी पोचताच त्या म्हणाल्या, "भाऊजी, चुकलं माझं."

"बरं," म्हणून दीर आत गेला. चपला न काढताच बाई त्याच्या मागोमाग गेल्या.