डोकं खाली

माझे सासरे, आबा, गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण आपापलं युद्ध घेऊन यायचा. आबांनी स्वतः लढाईबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. कुणी फारच खोदून विचारलं तर म्हणायचे, "फौजेत बटाटे सोलले. तिथले बटाटे अजून कापतात मला बघून." पण त्या दिवशी सुतारकाकांनी चहाचा दुसरा कप संपेपर्यंत आबांच्या हातून शत्रूची अख्खी तुकडी गारद केली होती.

"अहो, तुम्ही होतात का तिथे?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्याशी संसार केला त्यांनी. मला नाही कधी सांगितलं."

"घरात सांगत नसतात, वहिनी."

मला आठवत होते ते मातीचं ढेकूळ हातात चुरून पेरणीचा दिवस ठरवणारे आबा. जेवताना भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करून बसणारे. मी नोकरीला लागल्यापासून माझ्या चार वर्षांच्या चिमणीला दिवसभर तेच सांभाळायचे. दोघं शेतात एकामागे एक चालायची, ती त्यांच्या पावलावर पाऊल ठेवत. संध्याकाळी आल्याआल्या मी तिचे गुडघे, कोपरं, नखं तपासायचे. साधं खरचटलेलंही कधी सापडलं नाही.

जमिनीला ओल होती तोवर पेरणी उरकायला हवी होती, म्हणून माझ्या दिरांनी ट्रॅक्टर सुरू केला. सायलेन्सरमधून बार उडावा तसा धडाका झाला. घरामागच्या शेतात खेळणारी चिमणी सरीत पालथी पडली. हात कानांवर, तोंड उघडं.

"बघा, बघा! आजोबांचंच रक्त!" सुतारकाकांनी टाळी वाजवली. सगळे हसले.

मी धावले. "ऊठ, बाळा. ट्रॅक्टर होता."

"आबांनी सांगितल्याशिवाय उठायचं नाही."

"आबा नाहीत ना गं आता."

"मग येईपर्यंत."

हसणं थांबलं. सासूबाई आल्या, लाडीगोडी लावून झाली, बाहुली आणून झाली. नवऱ्याने घसा खाकरून आबांसारखा आवाज काढला, "चल, सुटलो!"

"तू बाबा आहेस," ती मातीत तोंड ठेवूनच म्हणाली.

त्याने तिला उचलायला हात घातला, तशी ती लाकडासारखी ताठ झाली आणि किंचाळली. लाडाचं, हट्टाचं रडणं मला ओळखता येतं. ते हे नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती. माझ्यासाठी घाबरली होती.

"आई, डोकं खाली! दिसतंय तुझं डोकं!"

सगळ्यांसमोर, ऑफिसच्या कपड्यांत मी तिच्या शेजारी सरीत आडवी झाले. तिने चिमुकल्या हाताने माझी मान दाबली. तिचं काळीज माझ्या दंडावर धडधडत होतं. माती गार होती आणि सरीच्या वर फक्त लोकांच्या चपला दिसत होत्या.

दिरांनी ट्रॅक्टर बंद केला.

"इथे कोण येणार आहे, चिमणे?" मी हळूच विचारलं.

"माहीत नाही. आबांना माहीत होतं."

"मग आपण कधी उठायचं?"

ती विचारात पडली. मग माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "तू मोठी आहेस ना? तू सांग."

मी तोंड उघडलं. मग डोकं आणखी खाली घेतलं.