सामो बाईजवळ बोललेलं

एडविज तोए हिनं तांपेल्ग्यात आपलं आडनाव सांगितलं आणि तिच्या कामाचा तिथल्या तिथं बट्ट्याबोळ झाला. तोए म्हणजे सामो, आणि गाव अख्खं मोसी. मोसी आणि सामो या दोन जमाती म्हणजे थट्टेचे भाऊबंद. भेटले की एकमेकांचा उद्धार करायचा आणि त्यातल्या एका शब्दाचाही राग धरायचा नाही, हा वाडवडिलांनी घालून दिलेला कायदा. जो राग धरेल त्याला मग सात गावं हसतात.

"कुत्री लपवा रे," मुखियाचा भाऊ लामुसा ओरडला. "सामो आलीय. नजर चुकवून एखादं रश्श्यात टाकेल."

"तुमची कुत्री नकोतच मला," एडविज खुर्ची ओढत म्हणाली. "धन्यानं गाढवाचं डोकं चाटूनपुसून खाल्ल्यावर कुत्र्याच्या अंगावर काय उरणार? नुसती हाडं."

झालं. शाळेमागच्या गवती मांडवात हशा उसळला, म्हाताऱ्यांनी मांड्यांवर थापा मारल्या, आणि विद्यापीठातून आलेली बाई एका दमात घरची झाली. हेच तर तिला हवं होतं. घरच्या माणसाजवळ माणसं मोकळी बोलतात, असं तिचं म्हणणं. आता कशी मोकळी बोलतात ते पुढं कळेलच.

तिचं काम असं. तांपेल्ग्याच्या शाळेत पोरं पहिली काही वर्षं मोरे भाषेत, म्हणजे घरच्याच भाषेत, शिकत होती आणि वरच्या वर्गांत हळूहळू फ्रेंचवर जात होती. ही शाळा अशीच चालू ठेवायची की मोरे काढून टाकून पहिल्या दिवसापासून फ्रेंचच शिकवायची, याचा निकाल सुट्टीआधी राजधानीत लागायचा होता. निकाल देणारे एडविजच्या अहवालाची वाट बघत होते. आईबापांचं मत तिनं गोळा करायचं आणि खरं ते लिहायचं.

खरं ते लिहायचं, हे सगळे म्हणतात हो. पण एडविजचं मन कुठं झुकलंय हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ती स्वतः तुगानच्या शाळेत शिकली होती. तोंडून चुकून सामो भाषेतला शब्द निघाला की गुरुजी गळ्यात गाढवाच्या जबड्याचं हाड अडकवायचे. दुसरं कुणी चुकेपर्यंत ते हाड गळ्यात घेऊन बसायचं. त्या हाडाचा वास तिच्या नाकातून अजून गेला नव्हता. ही मोरेची शाळा जगावी असं तिला आतड्यापासून वाटत होतं.

आणि गावही तेच म्हणत होतं. लामुसा म्हणाला, शाळा चांगली. त्याची बायको म्हणाली, पोरं घरी येऊन धडा समजावून सांगतात. मुख्य गुरुजी रास्माने ताप्सोबा कोपऱ्यात उभे राहून माना डोलावत होते. हा माणूस बारा गावचं पाणी प्यायलेला, पण जीव या एका शाळेत गुंतलेला. भिंतीवरचे तक्ते त्यांनी स्वतः रंगवले होते. एडविजला ते पाहताक्षणी आवडले होते.

मग तालातो म्हातारी उठली. गुरुजींची सख्खी आत्या. गुडघ्यावर हात टेकून ती म्हणाली, "बंद करा ती शाळा. कुलूप घाला आणि किल्ली या सामो बाईला गिळायला द्या. माझी नात त्या शाळेत गेली आणि मुकी होऊन बाहेर पडली."

एडविज खळखळून हसली. "आजी, मोसी मुका झाला? आम्ही सामो तर रोज देवाजवळ हेच मागतो. कुठल्या देवाला नवस केला होतात, मलाही सांगा."

म्हातारी खाली बसली. गुरुजींनी घाईघाईनं पुढच्या माणसाला हाक मारली.

दुपारी उन्हानं गाव चिडीचूप झालं तेव्हा एडविज दिलेल्या खोलीत बसून फोनवरचं ध्वनिमुद्रण ऐकत होती. ऐकायचं, थांबवायचं, लिहायचं. कुत्र्याच्या थट्टेवर हशाचा नुसता गडगडाट. गाढवाच्या डोक्यावर त्याहून मोठा. मग तालातो. "मुकी होऊन बाहेर पडली." आणि त्यावर हसण्याचा आवाज.

तिनं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा ऐकलं.

हसणारी एकच बाई होती आणि ती ती स्वतः होती. एवढी माणसं बसलेली, पण तिच्या हसण्यामागं कुणी खोकलं, कुणाचं पोर रडलं, बाकी सगळे गप्प. तिला इतकी लाज वाटली की तिनं फोन गादीवर पालथा टाकला. एवढी शिकलेली बाई, भाषेवर आणि समाजावर व्याख्यानं देणारी, आणि तिला एवढं कळू नये? मोसीनं सामोजवळ काहीही बोलावं, त्यानं हसण्यावारी न्यावं, हीच तर रीत. ती रीत तिनं तंतोतंत पाळली होती आणि एका म्हातारीला चारचौघांत तोंडावर पाडलं होतं.

ऊन उतरायची वाट न बघता ती तालातोच्या अंगणात गेली. म्हातारी शेंगा फोडत बसली होती. शेजारी पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी मान खाली घालून दाणे निवडत होती. एडविजनं नमस्कार केला, तर मुलीनं ओठ हलवले, आवाज आला नाही.

"आजी, मी चुकले," एडविज म्हणाली.

"सामो चुकणारच. त्यात नवल काय," म्हातारी म्हणाली. पण बसायला पाट सरकवला. "ही सिब्दू. हुशार पोर. गुरुजींच्या हाताखाली पहिली यायची. पण वरच्या वर्गांना फ्रेंच शिकवणारा मास्तर बदली होऊन गेला, आणि त्याच्या जागी आजतागायत कुणी आलं नाही. रास्माने एकटा सगळे वर्ग सांभाळतो. एकटा काय काय करेल तो? ही पाठांतरावर परीक्षा पास झाली आणि शहरातल्या मोठ्या शाळेत गेली. तिथं सगळं फ्रेंचमध्ये. मास्तर विचारेल ते कळेना. बोलायला जावं तर वर्ग हसे. वर्ष काढलं कसंबसं आणि परत आली. आता मोरेतही बोलत नाही. तेलही गेलं, तूपही गेलं."

"हे तुम्ही गुरुजींना चारचौघांत सरळ का नाही सांगितलं?"

"अगं, भाऊ गेल्यावर त्याला मी वाढवलंय. भाच्याची अब्रू गावात मीच काढू होय? आणि त्याला काय माहीत नाही? तो पण भितो. मास्तर नाही असं वर कळवलं, तर वरचे म्हणतील, मग मोरेची भानगडच नको, बंद करा. म्हणून सगळं गाव मूग गिळून बसलंय." म्हातारीनं टरफलं झटकली. "मोसीला मोसीजवळ बोलता येत नाही ते सामोजवळ बोलता येतं. मी म्हटलं, देवानं सामो धाडलीय, बोलून घ्यावं. तर तू दात काढून मोकळी झालीस."

एडविजचे डोळे भरून आले. "म्हणजे शाळा खरंच बंद व्हायला हवीय तुम्हाला?"

"बंद करा म्हटलं म्हणून तर आलीस. चांगली आहे म्हणणाऱ्यांच्या दारात गेलीस का?" म्हातारी म्हणाली. "मला बंद नकोय, बाई. मला अर्धी शाळा नकोय. धाकटी नात यंदा शाळेत बसायचीय."

एडविजला त्या दिवशी जेवण गेलं नाही. बाजरीच्या उकडीचा गोळा भेंडीच्या रश्श्यात तसाच गार झाला. खरं लिहावं, तर ज्यांना शाळा मोडायचीय त्यांच्या हातात कोलीत. खोटं लिहावं, तर आणखी एक पोर मुकी. आणि गुरुजींच्या तोंडून न ऐकता, पाठीमागं लिहायचं? ते तर चहाडी करण्यासारखं.

सकाळी ती गुरुजींच्या अंगणात गेली आणि घराच्या उंबऱ्यात आडवी झाली. सरळ, पाय ताणून, तोंडावर डोक्याचा रुमाल घेऊन. मोसीच्या घरी कुणी वारलं की सामो असंच करतात. प्रेताच्या जागी स्वतः झोपतात, खोटंखोटं रडतात आणि मागितलेलं मिळाल्याशिवाय उठत नाहीत. त्या वेळी सामोला नाही म्हणायचं नसतं.

"शाळा मेली हो," एडविजनं सूर लावला. "गुरुजींची लाडकी गेली. मला पुरा आणि मोकळे व्हा."

बघता बघता अंगण भरलं. लोक हसून हसून बेजार झाले. गुरुजीही हसत बाहेर आले. "ऊठ गं, कुत्रेखाऊ. कोंबडा देतो."

"कोंबडा नको."

"मग बोकड घे. पण दारातून ऊठ."

एडविजनं तोंडावरचा रुमाल काढला. "वरच्या वर्गांना फ्रेंच कोण शिकवतं, ते सांगा. तेवढं दिलंत की उठते."

हसणं विरत गेलं. गुरुजींनी आत्याकडे पाहिलं. तालातोनं नजर वळवली नाही. मोसीला सामोची मागणी नाकारता येत नाही, आणि मला वाटतं, त्या क्षणी त्या माणसाला नाकारायचीही नव्हती. ते तिच्याजवळ मातीतच बसले.

"कुणी नाही," ते म्हणाले. "मी मास्तर मागितलाच नाही. मागितला असता तर माझे मोरेचे वर्ग गेले असते. म्हटलं, कसंतरी रेटू. सिब्दू परत आली तेव्हाच मला कळलं होतं. लिहा तुम्ही. मी भ्यालो हेही लिहा."

लामुसा पुढं झाला. "आम्ही सगळेच भ्यालो. सगळ्यांचं लिही, सामो. आणि खाली हेही लिही की आम्हाला दोन्ही पाहिजेत, मोरे पण आणि मास्तर पण. एक देऊन दुसरं काढून घेणार असाल, तर गाव राजधानीत येऊन तुमच्या दारात झोपेल."

एडविज उठून बसली. केसांतली माती झटकत तिनं सांगितलं, की सगळं लिहीन, पण काळजी करू नका, अहवालात कुणाचं खरं नाव येत नाही. आजीला दुसरं नाव देईन, गुरुजींना दुसरं, नातीलाही एखादं.

"मला नको."

सगळ्यांनी वळून पाहिलं. सिब्दू कुंपणापाशी उभी होती. आवाज घोगरा, बरेच दिवस न वापरलेला.

"तिथं मला वर्षभर कुणी नावानं हाक मारली नाही," ती म्हणाली. "मोरेवाली म्हणायचे. माझं नाव बदलू नका."

एडविजला नियम सांगायचा होता. तो तिनं बाजूला ठेवला. तिनं पेन काढलं आणि मुलीला जवळ बसवून घेतलं. सिब्दूनं नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, आणि एडविज ते नीट लिहितेय ना, हे वाकून पाहत राहिली.