चकसमोरची जागा

नत्थूजीच्या गोदामात शिरताना मी चपला बाहेर काढल्या नाहीत. ज्याने माझ्या नवऱ्याचा डोळा घेतला आणि वर त्यालाच बदनाम केलं, त्याच्या उंबरठ्याचा मान मी कशाला ठेवू?

सात वर्षांपूर्वी याच माणसाने आम्हाला लोखंड कातायची जुनी विलायती लेथ विकली होती. ताजा हिरवा रंग, पितळेची घासलेली पाटी. दुसऱ्याच महिन्यात लोखंड पकडून गरगर फिरणाऱ्या चकचा जबडा तुटून उडाला आणि आमच्या गणपतरावांचा उजवा डोळा गेला. भेग जुनीच होती, रंगाखाली झाकलेली. पण नत्थूजीने साऱ्या इतवारी बाजारात सांगितलं, की गणपतरावाने चक आवळायची चावी त्यातच विसरून मशीन चालू केली आणि ती चावी उडाली. टर्नरला याहून मोठी शिवी नाही. चावी खिळ्याला टांगलेली मी स्वतः पाहिली होती, पण बायकोची साक्ष कोण धरतो? तेव्हापासून गणपतराव लोखंडवाल्यांच्या लोहाओळीत फिरकले नाहीत. बारीक माप त्यांना दिसेना, म्हणून आमच्या कारखान्याच्या शेडमध्ये ते सांगत आणि मी मोजत असे. असं करता करता मशीन पारखण्यात माझंच नाव झालं.

बाहेरून नवी मशीन आणायला परवाना लागायचा, आणि तो आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांच्या नशिबी नसे. म्हणून जुन्या विलायती मशीनवर सगळ्यांच्या उड्या. कामठीचे रुपराव मागाचे सुटे भाग बनवायचे. ते घरी येऊन म्हणाले, "वहिनी, नत्थूजीकडं विलायती लेथ आली हाय. तुमी एकदा पाहून द्या नं."

त्यांचं बोलणं संपायच्या आत मी हो म्हटलं. मशीन भंगार निघू दे आणि नत्थूजीचं नाव मातीत जाऊ दे, म्हणून मी रामटेकच्या रामाला नवससुद्धा बोलले.

रामाने ऐकलं नाही. गोदामात रुपराव माझ्यासोबत होते. नत्थूजी चहा सांगायला बाहेर गेला, तेवढ्यात मी गिअरचं तेल काढून बोटांवर चोळलं. गिअरची घरघर दाबायला लोक त्यात लाकडाचा भुसा घालतात. तेल स्वच्छ होतं. हातोडीने चक ठोकला, प्रत्येक जबडा ठोकला. भेग असली की आवाज बद्द येतो. हा देवळातल्या घंटेसारखा खणखणीत आला. मग एक लांब सळई कातून दोन्ही टोकांना मापली, तर केसाचाही फरक नाही. मशीन अव्वल होती आणि माझा जळफळाट झाला. भंगार आहे, असं म्हणून टाकावं, हे मनात आलंच. पण खोटं उघडं पडलं असतं तर पुन्हा तोच जिंकला असता.

नत्थूजी चहा घेऊन आला. मशीनचा आवाज ऐकून शेजारचे दुकानदार आणि टर्नर दारात जमले होतेच. त्याने नवी पितळी पाटी धोतराच्या सोग्याने पुसली, आणि मला कळलं, की या माणसाने पाटीपलीकडे मशीन पाहिलेलीच नाही.

"नत्थूजी," मी म्हटलं, "आता फक्त पूर्ण वेगात चालवून पाहायची हाय. तुमी चकच्या समोर उभे राहा."

"मी काहून?"

"माल तुमचा हाय नं."

तो हसला, पण जागचा हलला नाही. मी बटण दाबलं. चक फिरू लागला तसा तो दोन पावलं मागं सरला.

"या नं समोर," मी म्हटलं. "टर्नर तं रोज इथंच उभा राहते."

"वहिनी, जुनी मशीन हाय," तो घाम पुसत म्हणाला. "रंगाखाली भेग असली तं कोणाले दिसते? जबडा उडाला तं माणूस जाईन."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"मंग गणपतरावाच्या येळी चावी उडाली नोती," दारातला एक म्हातारा टर्नर सावकाश म्हणाला.

मी चालत जाऊन चकच्या समोर उभी राहिले. चक पूर्ण वेगात फिरत होता आणि मी नत्थूजीकडे बघत होते. असं सुख मला माझ्या लग्नातही झालं नव्हतं.

"रुपरावजी, मशीन एक नंबर हाय," मी म्हटलं. "बिनधास्त घ्या. पण भेग नसल्याची खात्री खुद्द मालकच देत नाही, तं भाव भंगाराचा द्या."

रुपरावांनी तेच केलं. इतक्या लोकांसमोर नत्थूजीला भाव वाढवून मागता आला नाही.

घरी येऊन सगळं सांगितलं. गणपतरावांनी विचारलं, "चावी नोती, हे सगळ्यायनं ऐकलं?"

"सगळ्यायनं."

ते उठले, खुंटीवरची टोपी घातली आणि दारापाशी जाऊन थांबले. "लोहाओळीतून चहा पिऊन येतो," ते म्हणाले.

"नत्थूजीच्या दुकानासमोरच्या टपरीवर बसा," मी म्हटलं. "तोंड त्याच्याकडं करून. आन् लवकर उठू नका."